ब्रिंदिसीत उतरायचं कुठे

पहिली तार आली तेव्हा हरिहरपंत ओगल्यांनी ब्रिंदिसी हे नाव उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या तारेनंतर महिना व्हायच्या आत त्या गावात धक्क्यापासून इस्पितळ कोणत्या अंगाला आहे हेसुद्धा त्यांना तोंडपाठ झालं होतं.

त्यांचा मुलगा गुरुदत्त विलायतेत डॉक्टरीची परीक्षा देऊन परत निघाला होता. लंडनहून आगगाडीने दोन-तीन राज्यं ओलांडायची, इटलीच्या पार खालच्या टोकाला ब्रिंदिसी बंदरात टपालाची आगबोट गाठायची आणि थेट मुंबईला उतरायचं, असा त्याचा बेत. गाडीतच त्याला ताप भरला. बोटीवरच्या डॉक्टराने नाडी पाहिली आणि त्याला शिडी चढू दिली नाही. "मुदतीचा ताप. ब्रिंदिसीच्या इस्पितळात आहे. काळजी नसावी," एवढाच पहिल्या तारेचा मजकूर. त्यानंतर हरिहरपंत रोज कल्याण स्टेशनच्या तारऑफिसात जाऊन उभे राहत. तारमास्तर त्यांना पाहिलं की लांबूनच मान हलवी.

दुसरी तार तिथल्या इंग्रज कॉन्सलची, म्हणजे सरकारच्या तिथल्या वकिलाची, होती. ताप उतरला आहे, रुग्ण फार अशक्त आहे, एकट्याने प्रवास होणार नाही, घरचे कोणी यावे.

सुमतीबाईंनी तार वाचून घेतली, दोनदा वाचून घेतली, आणि विचारलं, "घरचं कोणी म्हणजे कोण?"

"बघू," हरिहरपंत म्हणाले.

बघण्यासारखं काही नव्हतं. पारनाक्यावरच्या त्या घरात नवराबायको दोघंच होती. मुलगी हेमा ठाण्यात सासरी. भावकी होती, पण गुरुदत्तने समुद्र ओलांडल्यापासून तिने ओगल्यांची पंगत सोडली होती. मुलगा परत येईल, प्रायश्चित्त घेईल, आणि सगळं हळूहळू निवळेल, या आशेवर तीन वर्षं गेली होती. आता खुद्द बापानेच बोटीत पाय ठेवायचा म्हणजे निवळण्याची गोष्टच संपली.

तरीही हरिहरपंतांनी "जाणार नाही" असं एकदाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "आधी उतरायची सोय बघितली पाहिजे."

ही त्यांची जन्माची सवय. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली, आणि साहेब दौऱ्यावर निघाला की पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था लावणं हे त्यांचं काम असे. मुरबाडला तंबू कुठे ठोकायचा, शहापूरला विहीर गोडी आहे की मचूळ, खडवलीला नदीच्या कोणत्या काठाला सावली आहे, हे त्यांना विचारावं. साहेबाची घोडी पोचण्याआधी तिथे चूल पेटलेली असे. बिनमुक्कामाचा प्रवास त्यांना ठाऊकच नव्हता.

ते ठाण्याला गेले, नेटिव्ह लायब्ररीत बसले, आणि लाल पुठ्ठ्याचं एक इंग्रजी प्रवासाचं पुस्तक काढून घेतलं. गोऱ्या मुसाफिरांसाठी लिहिलेलं ते पुस्तक ब्रिंदिसीबद्दल फार बोलत नव्हतं. बंदर उत्तम, गाव गरीब, हवा रोगट. धक्क्यावर एक मोठं हॉटेल आहे, ते महाग आहे. बाकीच्या खानावळी अस्वच्छ आहेत, शहाण्या माणसाने तिथे राहू नये. हरिहरपंतांनी पुस्तक मिटलं. लेखकाच्या लेखी जे शहाणे नव्हते ते कुठे उतरत होते, ते त्याने लिहिलंच नव्हतं.

तेव्हा त्यांना जेरोमची आठवण झाली.

जेरोम हा खोपटच्या वाटेवर राहणारा किरिस्ताव. ऐन उमेदीत आगबोटींवर बटलर होता, आता भाताची दोन खाचरं आणि एक चिंचेचं झाड राखून होता. त्याच्या जमिनीच्या तंट्यात हरिहरपंतांनी कधीकाळी कागद नीट लावून दिले होते, तेवढीच ओळख. पंत अंगणात उभे राहिलेले पाहून त्याची बायको उर्सुला आत पळाली आणि स्वच्छ पुसलेली खुर्ची घेऊन आली.

"ब्रिंदिसी?" जेरोमचा चेहरा उजळला. "अरे देवा! पंत, ब्रिंदिसी म्हंजे आपलं घर. माजा हात मोडलेला तवा बोट मना तितं टाकून गेली. महिना काढला मी तितं."

"कुठे उतरला होतास?"

"कोंचेत्ताबाईचा लोकांदा."

"काय म्हणालास?"

"लोकांदा. गरिबाचा हाटेल. गोऱ्यांचा मोठा हाटेल हाय ना धक्क्यावर, त्याच्याकडं बगू पन नका, तितं नुसतं पाणी मागितलं तरी खिसा कापतात. तुमी काय करायचं, बंदरावर एक उंच दगडी खांब हाय, त्याच्या बाजूनं पायऱ्या चढायच्या. वर निळा दरवाजा. बाई रांड... म्हंजे विधवा हाय. मायेची. वर गच्ची हाय, गच्चीवर चूल."

"चूल? वेगळी?"

"येकदम वेगली. मी सोता तितं भात शिजवला."

उर्सुला दारातून म्हणाली, "यानला भात शिजवता येत नाय, पंत. बाकी खरं असंल."

पण हरिहरपंतांना चूल मिळाली होती. घरी येऊन त्यांनी कागदावर त्या घराचा नकाशा काढला. पायऱ्या, निळा दरवाजा, गच्ची. जमिनीवर अंथरूण घालता येईल का? पाणी कोण भरतं? खाली मांस शिजत असेल तर धूर वर येईल का? गुरुदत्तला इस्पितळातून सोडलं की त्याला जिने चढवतील का? एकेक शंका घेऊन ते कल्याणहून गाडीने ठाण्याला जात आणि उत्तर घेऊन परत येत. घरी पोचेपर्यंत नवी शंका निघालेली असे. जेरोमलाही आता हुरूप आला होता. पहिल्या दिवशी गच्ची लहान होती, चौथ्या खेपेला तिच्यावरून समुद्र दिसू लागला, आणि पुढे पुढे कोंचेत्ताबाईच्या अंगणात लिंबाचं झाडही उगवलं.

शेवटी असं ठरलं की बाईला पत्रच लिहावं. जेरोम मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगे आणि पंत ते इंग्रजी अक्षरांत उतरवून घेत. एक खोली, वेगळी चूल, माणसं दोन, एक आजारी. पत्र टपालात पडलं.

"आता उत्तर आलं की निघायचं," हरिहरपंतांनी घरी येऊन सांगितलं.

सुमतीबाई जात्यापाशी बसल्या होत्या. मेतकुटाचा वास घरभर सुटला होता. त्यांनी जातं थांबवलं. "उत्तर यायला किती दिवस लागतील?"

"जायला पंधरवडा, यायला पंधरवडा. महिनाभर धर."

त्यांनी पुन्हा जात्याचा खुंटा धरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी थालिपिठाची भाजणी भाजली, तिसऱ्या दिवशी पोहे भाजून डब्यात भरले. माळ्यावरून लोखंडी ट्रंक काढून, पुसून, ओटीवर उघडी ठेवली. येता-जाता हरिहरपंतांना ती ओलांडून जावं लागे.

मुंबईहून दर आठवड्याला टपालाची बोट सुटत होती. एक गेली. दुसरी गेली. बोट सुटण्याच्या दिवशी पंतांना अन्न गोड लागत नसे. ते खाडीवर जात, किल्ल्याखाली उभे राहून गलबतांकडे बघत, आणि पाच मिनिटं व्हायच्या आत, काहीतरी विसरल्यासारखे, तरातरा परत फिरत. घरात आले की पुन्हा बाहेर जावंसं वाटे. झोपाळ्यावर बसले तर झोपाळा थांबू देत नसत. नकाशावर नकाशा काढत. एकदा त्यांनी सुमतीबाईंना विचारलं, "तिथे उन्हाळ्यात गच्ची तापत असेल, नाही?"

"तापत असेल," त्या म्हणाल्या, आणि लाडवांचं पातेलं आत घेऊन गेल्या.

त्याच सुमारास हेमाचे सासरे श्रीपादराव ठाण्याहून मुद्दाम आले. माणूस सभ्य. आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. घरात त्यांनी पाणीही घेतलं नाही, पण बोलले मात्र मऊपणाने.

"पंत, ऐकतो ते खरं आहे का?"

"काय ऐकता?"

"तुम्ही स्वतः जाणार म्हणून. गुरुदत्तचं वेगळं. पोरवयाचा, शिकायला गेला, प्रायश्चित्त घेईल. तुम्ही जाणते. तुमचं चुकलं असं म्हणता येणार नाही, तुम्ही समजून-उमजून गेलात असं म्हणावं लागेल. मग आमचा नाइलाज होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे हेमाला या घराचा उंबरा बंद." ते उठले. पायात जोडे घालताना त्यांनी ओटीवरच्या उघड्या ट्रंकेकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मला यात आनंद नाही. चार माणसांत राहायचं आहे."

त्या दिवसापासून हरिहरपंतांना एक नवीन कारण सापडलं, आणि ते आधीच्या सगळ्यांपेक्षा वजनदार होतं. हेमाचा विचार केल्याशिवाय बापाने पाऊल कसं उचलावं? तिला विचारायलाच हवं. सोमवारी ती मासुंदा तळ्याकाठच्या कोपिनेश्वराच्या देवळात येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. सोमवारी सकाळच्या गाडीने ते ठाण्यात उतरले.

हेमा दर्शन घेऊन बाहेर येत होती. बरोबर सासरची जुनी मोलकरीण तुळसा. बापाला पाहताच हेमाने हातातलं तबक तिच्याकडे दिलं, आणि तुळसा काही न विचारता लांब जाऊन उभी राहिली.

"आप्पा, दादाची काही खबर?"

"तीच. अशक्त आहे." पंत नंदीच्या बाजूच्या पायरीवर बसले. "तुझे सासरे आले होते."

"ठाऊक आहे."

"मी गेलो तर तुझं माहेर तुटतं, हेमा. तुझं मन काय म्हणतं ते ऐकायला आलो. आणि तसं बघितलं तर तिथली सोयही अजून पुरती लागलेली नाही. बाईचं उत्तर यायचं आहे. जेरोम म्हणतो चूल वेगळी आहे, पण आपण डोळ्यांनी..."

"आप्पा," हेमा म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण त्यात काहीतरी असं होतं की पंत थांबले. "तुम्ही मला विचारायला आलात, की मी नको म्हणावं म्हणून आलात?"

पंतांनी नजर नंदीकडे वळवली.

"मी नको म्हणणार नाही. माझ्या डोक्यावर हे ओझं देऊ नका. लहानपणी दादाला विंचू चावला तेव्हा तुम्ही अनवाणी वैद्याकडे पळाला होतात. वैद्य घरी आहे की नाही हेसुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हतं."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. तिला राग आला होता. तो राग घेऊनच ती वाकली, बापाच्या पायांना हात लावला, आणि तुळसाला हाक मारून निघून गेली.

पंत तिथेच बसले होते. तळ्यावर ऊन चढलं. बापाने घाबरणं लाजिरवाणं असतं, असं त्यांना वाटत आलं होतं, म्हणून ते घाबरले आहेत हे त्यांनी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. भाऊबंदांना ते घाबरत नव्हते, दर्यालाही नाही. तिथे पोचल्यावर खाटेवर कोणी नसेल, याला घाबरत होते. जोवर ते कल्याणात खोलीची, चुलीची, पाण्याची व्यवस्था लावत होते, तोवर त्या खोलीत राहणारी माणसं दोन होती.

ते उठले आणि खोपटच्या वाटेला लागले. "जेरोम, तिकीट कुठे काढतात ते दाखव," एवढंच बोलले. जेरोमने चिंचा झोडायची काठी तिथेच टाकली.

त्या आठवड्याची बोट त्यांनी धरली. स्टेशनवर सुमतीबाई आल्या होत्या. इतके दिवस त्या कमी बोलल्या होत्या, आता गाडी हलता हलता त्यांना सगळंच एकदम सांगायचं होतं. मेतकूट वरच्या डब्यात आहे, लाडू त्याला एकदम देऊ नका, डोक्याला तेल लावा, आणि तो चिडला तर तुम्ही चिडू नका. "आणि तुम्ही जेवा," त्या शेवटी ओरडल्या. ते ऐकू आलं की नाही, त्यांना कळलं नाही.

बोटीवर हरिहरपंत भाजलेल्या पोह्यांवर राहिले. एडनपर्यंत स्वतःच्या तांब्यातलं पाणी पुरवलं. पुढे पुरवता येईना, तेव्हा बोटीच्या टाकीतलं प्यायले, आणि काही झालं नाही. बाकी वेळ ते डेकवर येरझाऱ्या घालत. खलाशी त्यांना पाहून हसत, मग हसेनासे झाले आणि त्यांच्यासाठी दोर बाजूला करू लागले.

ब्रिंदिसी सकाळी लागलं. बंदर शांत, घरं पांढरी, आणि खरोखरच एक उंच दगडी खांब उभा. पंतांचा जीव भांड्यात पडला. हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन ते पायऱ्या चढले. वर दरवाजाही होता, तो निळा असावा असं वाटण्याजोगा. आत कोळशाची वखार होती. काळ्या झालेल्या माणसाने त्यांचं "कोंचेत्ता" हे नाव ऐकलं, आकाशाकडे बोट दाखवलं आणि छातीवर क्रूस काढला.

हरिहरपंत तिथे रस्त्यात उभे राहिले. सगळा मुक्काम, गच्ची, लिंबाचं झाड, एका क्षणात गेलं. कल्याणात असते तर त्यांनी बसून नव्याने विचार केला असता. इथे ऊन होतं, हमाल ट्रंकेखाली घामाघूम झाला होता, आणि इस्पितळ अजून दिसलं नव्हतं. त्यांनी हमालालाच खूण केली, तू नेशील तिथे.

हमालाने नेलं ते घर स्टेशनच्या वाटेवर होतं. पुढच्या चौकात दोन गाढवं बांधलेली, मागे एक अंधारी खोली, खाट, खाटेच्या वर भिंतीवर कुण्या संताची तसबीर. वेगळी चूल तर नव्हतीच. घरमालकीण मोठ्या आवाजाची, पाठीवर मूल बांधलेली. ती काय बोलत होती ते पंतांना कळेना, त्यांचं तिला कळेना. त्यांनी ट्रंक खाटेखाली सरकवली, आणि डॉक्टर, इस्पितळ, मुलगा हे सगळं हातांनी करून दाखवलं. मुलगा सांगताना त्यांनी हात आपल्या कमरेएवढा धरला. गुरुदत्त कधीचाच त्यांच्या खांद्याच्या वर गेला होता. बाईला मात्र तेवढ्यात समजलं. तिने कडेवरची कळशी खाली टाकली आणि स्वतः त्यांच्या पुढे चालू लागली.

लांबलचक खोलीत ओळीने खाटा होत्या. पंत पहिल्या दोन खाटा ओलांडून पुढे गेले आणि पुन्हा मागे आले. केस उतरवलेला, गालफडं बसलेला जो कोणी उशीला टेकून बसला होता, तो त्यांच्याकडे बघत होता.

"आप्पा?"

हरिहरपंत खाटेशी वाकले. त्यांनी त्याचं मनगट धरलं. हाडं हाताला लागली, पण मनगट गरम नव्हतं, साधं, माणसाच्या मनगटासारखं होतं.

"तुम्ही आलात?" गुरुदत्त म्हणाला. मग बापाला ओळखणाऱ्या मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं, "उतरलात कुठे?"

हरिहरपंतांनी तोंड उघडलं. त्यांना त्या घराचं नाव ठाऊक नव्हतं, गल्लीचं नव्हतं, बाईचंही नव्हतं. "गाढवं आहेत तिथे," ते म्हणाले, आणि इतके दिवस अडलेलं रडू त्यांना तिथे, सगळ्या खाटांसमोर, आलं.

पुढे ते दोघं त्या गाढवांच्या घरात पुष्कळ दिवस राहिले. पंतांनी चौकात तीन दगड मांडून मऊ भात शिजवला. मालकीण कमरेवर हात ठेवून बघत राही, आणि मेतकुटाची चिमूट जिभेवर ठेवून तिने काढलेला आवाज गुरुदत्तला बरा होईपर्यंत हसवायला पुरला. तो आधी खाटेपासून दारापर्यंत चालला, मग धक्क्यापर्यंत, मग बोटीची शिडी चढला.

कल्याणात परत आल्यावर जे व्हायचं ते झालं. भावकीने बापलेकांना वगळलं ते वगळलंच. प्रायश्चित्त घेऊनही पंगत लांब राहिली. श्रीपादरावांनी आपला शब्द पाळला. त्यांना आनंद नव्हता, पण पाळला. हेमा पारनाक्यावर येईना, निदान त्या वर्षी तरी नाही. हरिहरपंतांना रात्री झोप लागू लागली होती, दिवसा मात्र ते अजून दारापर्यंत जात आणि परत येत. लेक एका बाजूला आणि लेक दुसऱ्या बाजूला, ही वाटणी त्यांना कधीच पचली नाही.

परत आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी ते गुरुदत्तला घेऊन ठाण्याला गेले होते. सुमतीबाईही होत्या. हेमा देवळातून बाहेर आली. तिने भावाकडे पाहिलं, त्याच्या डोक्यावर उगवलेल्या खुरट्या केसांकडे पाहिलं.

"दादा, काय रे हे ध्यान!" ती म्हणाली.

तुळसा तबक घेऊन आधीच लांब सरकली होती. सुमतीबाईंनी पायरीवरची धूळ पदराने झाडली, आणि चौघं तळ्याकाठी बसली.